कैफियतीचा रकाना
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : शाळेचे कार्यालय. लोखंडी कपाट उघडते. लाल कापडी बांधणीची जुनी वही टेबलावर ठेवली जाते.]

२०२३ साली पावसाळा संपता संपता मराठवाड्यातील जुन्या शाळांची कपाटे उघडली गेली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासंबंधी नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले होते, आणि तहसिलातले बस्ते चाळता चाळता हा शोध शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांपर्यंत येऊन पोहोचला होता. आपण पाहत आहोत ती मुलींच्या एका शाळेची वही त्याच दिवसांत बाहेर आली. तिच्यावर लेझमांच्या जोड्या आणि घडीवर फाटलेला जगाचा नकाशा ठेवलेला होता. उर्दू वाचता येणारे एक निवृत्त मास्तर बोलावले गेले. त्यांनी ‘कौम’, म्हणजे जात, या शब्दाखालचा रकाना बोटाने वरून खाली वाचत नेला, हव्या त्या पानांची छायाचित्रे काढली गेली आणि वही पुन्हा कपाटात गेली.

त्या रकान्याविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. ज्यांना त्या नोंदीची गरज होती त्यांची गरज खरी होती, आणि आजोबांची नोंद सापडत नसेल तर आजोबांच्या बहिणीची तरी सापडते का, हे पाहण्यासाठी आलेल्या माणसांमुळेच ही वही उजेडात आली, हे मान्य केलेच पाहिजे. आमचे लक्ष गेले ते त्याच ओळीच्या शेवटाकडे. वही उर्दूतील असल्याने ती उजवीकडून सुरू होते. नाम, वलदियत म्हणजे वडिलांचे नाव, कौम, पेशा म्हणजे व्यवसाय, सकूनत म्हणजे राहण्याचे ठिकाण, मग शाळेत दाखल झाल्याची तारीख, खारीज झाल्याची तारीख, आणि पानाच्या अगदी डाव्या कडेला शेवटचा रकाना आहे कैफियतीचा. मराठी रजिस्टरात ज्याला आपण शेरा म्हणतो, तो हा. मुलगी शाळा सोडून का गेली, ते या रकान्यात एक-दोन शब्दांत लिहिलेले आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांना उजव्या अर्ध्या पानाशीच काम होते, त्यामुळे कैफियतीचा रकाना बहुतेक छायाचित्रांच्या चौकटीबाहेर राहिला.

ज्या शाळेची ही वही आहे ती शाळा आज नाही. तिचे आणि गावाचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण शाळा ज्या वाड्यात भरत असे त्याच्या मालकीचा दावा न्यायप्रविष्ट आहे आणि आमच्या चित्रीकरणाचा उपयोग कोणत्याही बाजूने पुरावा म्हणून व्हावा अशी आमची इच्छा नाही. गाव बालाघाटच्या पठारावर आहे, निजामाच्या काळी ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी तेथून बैलगाडीच्या टप्प्यात होती, एवढे पुरे आहे.

[दृश्य : वाड्याचा दरवाजा, ढाळज, चौक, आड. कॅमेरा सावकाश आत जातो.]

हा तो वाडा. दिंडीतून आत आल्यावर दोन्ही बाजूंना ढाळज लागते, आणि या ढाळजेत पहिलीचा वर्ग भरत असे, कारण लहान मुलींना पोहोचवायला आलेल्या आज्यांना तेथूनच परत फिरता येई. चौकाच्या भोवती तीन बाजूंनी ओसरी आहे आणि तिच्यावर दुसरी व तिसरी एकमेकींकडे पाठ करून बसत. भिंती दगड-मातीच्या आणि रुंदीला हातभरापेक्षा जास्त आहेत, वर सागवानी तुळया, त्यांच्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद, अशी या भागातल्या जुन्या घरांची रीत होती. उन्हाळ्यात असा वाडा थंड राहतो, आणि शाळा सकाळची असूनही चैत्र-वैशाखात मुली दुपारपर्यंत घरी जात नसत, ही आठवण आम्हांला भेटलेल्या प्रत्येक वृद्ध विद्यार्थिनीने न विचारता सांगितली. माळवदातल्या झरोक्यातून येणारा उन्हाचा कवडसा ओसरीच्या तिसऱ्या खांबाला लागला की सुटी होत असे. घड्याळ शाळेत बऱ्याच उशिरा आले.

भिंतीतले हे कोनाडे पाहा. त्यांत समया किंवा देव नसून दगडी पाट्या ठेवल्या जात, आणि पाटी उभी राहावी म्हणून प्रत्येक कोनाड्याच्या तळाशी छिन्नीने खाच पाडलेली आहे. चौकाच्या कोपऱ्यात जमिनीलगत जे दगडी झाकण दिसते ते बळदाचे तोंड आहे. फी रोख देणे ज्यांना परवडत नसे त्यांच्याकडून सुगीत ज्वारी येई आणि ती या बळदात साठवली जाई. घरोघरी दळणाच्या आधी एक मूठ धान्य बाजूला काढून ते शाळेला द्यायचे, ही मुष्टिफंडाची पद्धत त्या काळी अनेक संस्थांनी वापरली. या शाळेत ते धान्य गोळा करायला मोठ्या वर्गातल्या मुलीच जात, आणि मुली पायली घेऊन दारोदार फिरतात याबद्दल गावाने नावे ठेवली, असे सांगतात. मुख्याध्यापिकेला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्या बालविधवा होत्या, पुण्याला शिकून आल्या होत्या आणि आडनाव न लावता सही करीत.

[दृश्य : जमा-खर्चाची वही. पानावर बोट फिरते.]

ही शाळा स्वतंत्र होती म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या काळच्या राज्यव्यवस्थेकडे थोडे वळून पाहावे लागते. हैदराबाद संस्थानात सरकारी प्राथमिक शाळेला तहतानिया, त्यावरच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. प्राथमिक वर्गांत मराठीला काही वाव होता, परंतु त्यापुढचे शिक्षण उर्दूतून होई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा जो प्रयोग केला तो देशातील आरंभीच्या प्रयोगांपैकी होता आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही, पण ज्या राज्यातील बहुसंख्य प्रजेच्या घरी तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलली जात होती तेथे ही भाषा बहुतेकांना शाळेतच पहिल्यांदा भेटत होती. मुलाला नोकरीच्या आशेने तो डोंगर चढायला लावले जाई. मुलीला कोण लावणार? चौथीनंतर ती घरी बसे.

खाजगी शाळा काढावी म्हटले तर सरकारची पूर्वपरवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. १९२९ च्या गश्ती निशान ५३ या हुकुमाने सभा-संमेलनांवरही परवानगीचे बंधन आले होते. अशा परिस्थितीत १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय नावारूपाला आले, स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते, आणि या शाळांनी मराठवाड्याला मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते दिले. हा इतिहास लिहिला गेला आहे, त्याच्या शताब्द्या साजऱ्या होतात. त्याच काळात, त्याच अडचणींतून निघालेल्या मुलींच्या लहान शाळांना त्या इतिहासात ‘स्त्री-शिक्षणाकडेही लक्ष पुरवले’ असे अर्धे वाक्य मिळते, आणि बहुतेक वेळा तेही नसते.

१९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. मातृभाषेतील शिक्षणाचा प्रश्न उघडपणे बोलला जाऊ लागल्याच्या त्याच सुमारास या वाड्यात वर्ग सुरू झाले. परवानगीच्या अर्जावर ‘बायकांना शिवण व पोथीवाचन’ असे कारण लिहिले होते, असे गावात सांगतात. अर्ज आमच्या पाहण्यात नाही. शिवणयंत्र मात्र आहे, ते आपण आत्ता पाहत आहात.

शाळा मराठीतून चालायची तर परीक्षा कोणाची, हा प्रश्न उरतोच. मोठ्या बाईंनी त्याचे उत्तर पुण्याहून आणले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात मातृभाषेतून शिकता येत असे. हैदराबाद शहरात माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ मध्ये काढलेल्या तेलुगू माध्यमाच्या मुलींच्या शाळेनेही उस्मानियाचा उर्दूचा अडसर टाळण्यासाठी याच विद्यापीठाचा आश्रय घेतला होता. तेलुगू मुलींना जो मार्ग उघडतो तो मराठी मुलींना का उघडू नये, असा हा सरळ विचार होता. त्यात एकच उणे होते आणि ते लहान नव्हते. कर्वे विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. तोवर त्या परीक्षेच्या जोरावर सरकारी नोकरीत कोणी विचारीत नसे. या मुली नोकरीसाठी शिकत नव्हत्या, असे आज कौतुकाने म्हटले जाते. नोकरीची दारेच बंद असताना शिकत होत्या, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आता या जमा-खर्चाच्या वहीकडे वळू. फी जमा झाली आहे हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनात. परीक्षेची फी मात्र ब्रिटिश हद्दीत पाठवायची, तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया चालणार. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा दर वहीच्या पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि त्याखाली कोणीतरी लहान मुलीच्या अक्षरात त्याची त्रैराशिके सोडवलेली आहेत. पैसे बदलून पाठवण्यासाठी माणूस बार्शीला जाई. बार्शी ब्रिटिश हद्दीत होती, सोलापूर जिल्ह्यात, आणि १९११ साली लातूरपर्यंत आलेल्या त्या अरुंद गाडीने सकाळी निघून हद्दीपलीकडे पोहोचता येत असे. ‘बार्शी जाणे-येणे’, ‘हुंडणावळ’, ‘परीक्षा प्रवास, मुली व बाई’ अशा या नोंदी आहेत. एका राज्यात राहायचे, दुसऱ्या राज्याच्या पैशाने फी भरायची आणि जिथली परीक्षा दोन्हीकडची सरकारे मानत नाहीत अशा विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणायचे, हा खटाटोप ज्या गावाने वर्षानुवर्षे केला त्या गावाला मुलींच्या शिक्षणाविषयी अनास्था होती असे म्हणणे आम्हांला जड जाते.

[दृश्य : पुन्हा लाल वही. पाने उजवीकडून उलटली जातात.]

कैफियतीच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द आहे ‘शादी’. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि निजामाच्या राज्यात तो लागू नव्हता, ही गोष्ट दाखल्याची आणि खारीज झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचली की लगेच कळते. तारखा निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनातल्या आहेत. त्यात ५९० किंवा, महिना पाहून, ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. ‘नकले मकान’ म्हणजे बिऱ्हाड हलवले. ‘गैरहाजिरी’ला अर्थ सांगण्याची गरज नाही. ‘फौत’ म्हणजे मुलगी वारली, आणि प्लेगाच्या किंवा देवीच्या साथीत हा शब्द एकाखाली एक येतो. क्वचित एखाद्या ओळीत ‘कामयाब’ असते. तो शब्द लिहिताना टाक दाबून धरलेला असावा, कारण त्याची शाई इतर शब्दांपेक्षा गडद आहे. हा आमचा तर्क आहे, पण पडद्यावर पाहून प्रेक्षकांनी आपापले ठरवावे.

या नोंदींचे उर्दू अक्षर वळणदार आणि एकसारखे आहे. ते शाळेत उर्दू शिकवणाऱ्या उस्तानींचे. सरकारी तपासनीस आले तर रजिस्टर उर्दूत असावे म्हणून त्यांना नेमले होते, आणि पुढे त्या भरतकाम व हिशेबही शिकवू लागल्या. मराठी माध्यमासाठी भांडून निघालेल्या शाळेचा सगळा कागदोपत्री इतिहास एका उर्दू शिकवणाऱ्या बाईंच्या हस्ताक्षरात टिकून आहे.

[दृश्य : वहीची मधली कोरी पाने. येथे निवेदन काही क्षण थांबावे.]

ही पाने कोरी आहेत. हा काळ १९४७ च्या उत्तरार्धापासूनचा. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकार संघटनेची दहशत या भागात वाढली होती, हद्दीवरची गावे ओस पडत होती, अनेक कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती आणि शाळा बंद होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात आले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. गावात अजूनही या दिवसांना ‘पोलीस ॲक्शन’ असेच म्हणतात.

आता वही उलटी करून डावीकडून उघडली आहे. येथून मराठी नोंदी सुरू होतात. वही तीच आहे, कागद वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाकडून वापरायला घेतलेली. ‘कौम’ची जागा ‘जात’ने घेतली, ‘वलदियत’च्या जागी ‘पालकाचे नाव’ आले, आईच्या नावाला आधीही रकाना नव्हता आणि नंतरही नाही, आणि ‘कैफियत’ आता ‘शेरा’ झाली. उर्दूची पाने उजवीकडून आणि मराठीची डावीकडून एकमेकींच्या दिशेने येतात आणि मध्ये ही कोरी पाने राहतात.

पोलीस कारवाईनंतर या भागातील मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांचे पथक त्याच वर्षअखेरीस येथे येऊन गेले, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घेतले. डावीकडच्या पानांवर उस्तानींचे हस्ताक्षर नाही.

[दृश्य : शाळेचे सामूहिक छायाचित्र. बाई, मुली, मागे ओसरीचे खांब.]

पुढची वर्षे शाळेच्या भरभराटीची आहेत आणि ती आम्ही थोडक्यात सांगतो. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहाही माणसे साक्षर नव्हती, त्यामुळे नव्या सरकारला प्रत्येक शाळा हवी होती. शाळेला अनुदान मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, अभ्यासक्रम बदलला, शालान्त परीक्षेला मुली बसू लागल्या. अनुदानाबरोबर तपासणी, मान्यता, नेमणुकांतील आरक्षणाची बिंदुनामावली आणि माध्यमिक शाळा संहिता आली. शिक्षिकांना नियमित पगार मिळू लागला, जो त्याआधी बळदातल्या ज्वारीवर अवलंबून होता, आणि हा बदल कोणीही नाकारू नये. संचालक मंडळावर मात्र हळूहळू बाहेरची माणसे आली. मोठ्या बाई निवृत्त झाल्यानंतरच्या ठरावांच्या वहीत, मुलांच्या शाळेच्या संस्थेशी ‘सहकार्य’ करण्याचा विषय दर दोन-तीन बैठकांआड येतो. मोठ्या बाईंच्या काळात तो एकदाही आलेला नाही.

[दृश्य : वाड्याची तडा गेलेली भिंत. माळवदाचा खचलेला भाग.]

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि ती प्रामुख्याने गेली ती अशाच घरांत, दगड-मातीच्या रुंद भिंतींवर टनावारी मातीचे माळवद पेलणाऱ्या. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच माती रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली. या गावात जीवितहानी झाली नाही. वाड्याच्या पश्चिमेच्या भिंतीला हा तडा गेला. त्यानंतर या पट्ट्यातल्या लोकांचा दगडी भिंतीवरचा विश्वास उडाला, तो आजही परतलेला नाही, आणि कोणतीही आई आपल्या मुलीला माळवदाखाली बसू देईना. इमारत धोकादायक ठरली. मुलांच्या शाळेने आपल्या इमारतीत दुपारची पाळी देऊ केली आणि शाळा तेथे हलली.

ही तात्पुरती सोय होती, असे ठरावात लिहिले आहे. तात्पुरत्या सोयीला मुदत घातलेली नव्हती. वाड्याची दुरुस्ती करता आली असती का, हे आम्ही या क्षेत्रातील जाणकारांना विचारले. तुळया अजून शाबूत आहेत, माळवदाची माती उतरवून वर हलके छप्पर टाकले असते तर निम्मा वाडा वापरता आला असता, असे त्यांचे मत पडले. चौकातली ही कडुनिंबाची रोपे त्यानंतर भिंतीतून उगवलेली आहेत.

दुपारच्या पाळीची शाळा ही पाहुण्यासारखी असते. फळा दुसऱ्याचा, घंटा दुसऱ्याची, आणि आधीच्या पाळीला उशीर झाला की मुली लिंबाखाली उभ्या. २०११ साली नांदेडपासून सुरू झालेली पटपडताळणी ऑक्टोबरात राज्यभर झाली, पटावरची आणि वर्गातली संख्या जुळवली जाऊ लागली, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवताना, शिक्षिका अतिरिक्त ठरल्या आणि त्यांचे समायोजन इतरत्र झाले. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या होत्या, पालक तिकडे वळले होते, हेही खरे. अखेरीस मुलींची शाळा मुलांच्या शाळेत समाविष्ट झाली आणि तिचा स्वतंत्र क्रमांक रद्द झाला. आसपासच्या वस्त्यांवरच्या काही मुलींचे शिक्षण त्यानंतर थांबले, काहींचे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमुळे चालू राहिले.

[दृश्य : निळी बस. मग कार्यालयातले तेच कपाट.]

रजिस्टरे ज्या कपाटात आहेत ते मुलांच्या शाळेचे आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी आम्हांला चित्रीकरणास परवानगी दिली, चहा दिला आणि वही हाताळताना पाने तुटू नयेत म्हणून स्वतः पुढे होऊन पट्टीने उलटून दाखवली. नोंदींची पूर्ण छायाचित्रे काढून ती गावाच्या वाचनालयात ठेवावीत, अशी विनंती माजी विद्यार्थिनींनी संस्थेला लेखी दिली आहे. पूर्ण म्हणजे डाव्या कडेसकट. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

[दृश्य : छापील जनरल रजिस्टर. शेवटचे पान.]

हे शाळेचे शेवटचे रजिस्टर. शेवटच्या पानावर जेवढ्या मुली आहेत त्या सगळ्यांची शाळा सोडल्याची तारीख एकच आहे. पहिल्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात निळ्या बॉलपेनने ‘शाळा समाविष्ट’ असे लिहिले आहे. त्याखालच्या प्रत्येक ओळीत, पान संपेपर्यंत, दोन लहान आडव्या रेघा आहेत.